फ्रिजमधली मेथी गुरुवारी काळी का पडते? अन्न आणि पैसे वाचवण्याचा क्रम

काटकसर करायची ठरली की बहुतेक घरं शेवटून सुरुवात करतात. पहिल्याच दिवशी फोडणीच्या पोळीचे प्रकार शोधले जातात, सालींच्या चटण्या होतात. आठ दिवसांत घरचे कंटाळतात आणि रविवारी पुन्हा दोन पिशव्या भरून भाजी येते. दोन पोळ्या वाचवल्या तर चार-सहा रुपये वाचतात. खरे पैसे जातात ते बाजारात, आणि बाजारातून आल्यावर पिशवी तशीच फ्रिजमध्ये कोंबण्यात. शिळ्याचं काय करायचं, हा प्रश्न या लेखात आठव्या टप्प्यावर येतो, कारण त्याची जागा तिथेच आहे.

आमचं घर तीन माणसांचं आहे. मंडईपासून ओट्यापर्यंतचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत. तुमच्या घरात माणसं जास्त-कमी असतील तर मापं बदला, क्रम मात्र हाच ठेवा.

## १. आठ दिवस फक्त मोजा

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. नेहमीसारखं आणा, नेहमीसारखं टाका. फक्त जे खाता आलं असतं आणि तरी टाकलं, ते लिहा. साली, देठ, चहाचा चोथा धरू नका. वहीची गरज नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो, त्याच चौकटीत लिहा: काय, किती आणि का. ‘का’साठी तीन शब्द पुरतात: विसरलो, जास्त झालं, बाहेर जेवलो.

आमच्या पहिल्या आठवड्यात निघालं ते असं: अर्धी जुडी मेथी, पाच पोळ्या, वाटीभर दही, ब्रेडचे सहा स्लाइस आणि जवळजवळ रोज मूठभर भात. मेथीचं कारण ‘विसरलो’. पण पोळ्या आणि भातापुढे दोन दिवस ‘बाहेर जेवलो’ लिहिलेलं होतं. म्हणजे स्वयंपाक सात दिवसांचा होत होता आणि आम्ही घरी जेवत होतो जेमतेम पाच दिवस. हे लिहून काढेपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं.

तुलनेसाठी एक आकडा देतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरगुती अन्नकचऱ्याचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलो आहे. तीन माणसांच्या घरात आठवड्याला साधारण 3 किलो होतात. मात्र त्यात साली-बियाही धरलेल्या आहेत, म्हणून तुमची खाण्याजोग्या अन्नाची नोंद याच्या बरीच खाली असायला हवी.

चूक: गणपतीचा किंवा पाहुण्यांचा आठवडा मोजायला घेणं. साधा, कंटाळवाणा आठवडा निवडा.

## २. शनिवारी रात्री घरातलं बघा

यादी लिहिण्याआधी फ्रिज आणि फडताळ उघडायचं. यादी करून मग बघितलं तर यादी बदलायचा कंटाळा येतो.

फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, डोळ्यासमोर, एक उघडा ट्रे ठेवा. अर्धा टोमॅटो, वाटीभर उसळ, कालचं ताक, कापलेला कोबी, जे दोन दिवसांत संपायला हवं ते सगळं याच ट्रेत. घरात कोणालाही भूक लागली की आधी इथे हात जायला हवा. झाकणाचे स्टीलचे डबे या कामाला वाईट, कारण आत काय आहे ते दिसत नाही. स्टीलच वापरायचं असेल तर झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून नाव आणि वार लिहा.

मग फडताळ. आमच्याकडे एकदा साबुदाण्याची तीन अर्धवट पाकिटं निघाली. प्रत्येक एकादशीच्या आदल्या दिवशी कोणीतरी ‘असू दे’ म्हणून आणलेलं. एका जिनसाचं एकच उघडं पाकीट, हा नियम तेव्हापासून आहे.

सावधान: डब्यात तळाशी जुने पोहे, रवा किंवा डाळ असताना त्यावर नवं पाकीट ओतू नका. खालच्यात सोनकिडे असतील तर आठ दिवसांत सगळा डबा जातो. जुनं वाटीत काढा, डबा पुसून पूर्ण कोरडा करा, नवं भरा आणि वाटीतलं आधी संपवा.

पाकिटावरची तारीख वाचताना शब्दही वाचा. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि दर्जाची तारीख आहे. ती उलटलेलं, नीट बंद राहिलेलं बिस्किट थोडं मऊ लागेल, इतकंच. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही मात्र पाळायची तारीख. दोन्ही एकच समजून चांगला माल टाकणारे आहेत, तसे दुसरीकडे डोळेझाक करणारेही आहेत.

## ३. बेत पाचच दिवसांचा लावा

सात दिवसांचा बेत लावलात तर दोन दिवसांची भाजी नक्की उरेल. लग्न, डोसा खायची लहर, शेजाऱ्यांनी पाठवलेली बिर्याणी, काहीतरी येतंच.

बेत आवडीप्रमाणे न लावता नासण्याच्या क्रमाने लावा. बाजार रविवारी असेल तर रविवार-सोमवार पालेभाज्या: मेथी, पालक, शेपू, अळू. मंगळवार-बुधवार भेंडी, गवार, वांगी. गुरुवारी फ्लॉवर किंवा कोबी. शुक्रवारी भाजी नाही, कडधान्य. मटकी बुधवारी सकाळी भिजत घालून रात्री बांधली की शुक्रवारी उसळीला छान मोड आलेले असतात. शनिवारी ट्रेमधलं जे असेल ते, आणि ट्रे रिकामा असेल तर पिठलं. बेसन आणि कांदा घरात असेपर्यंत ‘आज काहीच नाही, मागवूया’ म्हणायचं कारण नसतं. महिन्याकाठी सगळ्यात जास्त पैसे या पिठल्यानेच वाचवले आहेत.

तपासणी: बेतातल्या प्रत्येक भाजीपुढे वार लिहिलेला आहे का? वार नसलेली भाजी यादीतून काढा.

## ४. बाजारात

जेवून किंवा निदान चहा-पोहे खाऊन जा. यादीत वजन लिहा: ‘भेंडी’ नको, ‘भेंडी पाव किलो’. तीन माणसांना एका वेळच्या सुक्या भाजीला पाव किलो भेंडी थोडी कमी वाटते, अर्धा किलो उरते. मग पाव किलो घेऊन त्यात एक बटाटा घाला.

पालेभाजीवाल्या मावशींशी माझा संवाद दर रविवारी ठरलेला.

“दादा, जुडी तीसला. दोन घ्या, पन्नासला देते.”

“एकच द्या मावशी.”

“अहो, दहा रुपये सुटतायत!”

दहा सुटत नाहीत, वीस जास्त जातात. दुसरी जुडी त्याच दिवशी पराठ्याला लागणार असेल तरच घ्यावी. नाहीतर ती गुरुवारी काळं पाणी होऊन पिशवीत सापडते आणि मग ती निवडून टाकायचं काम पुन्हा आपल्याच गळ्यात.

संध्याकाळी उशिरा भाव उतरतात हे खरं. उतरत्या बाजारातली आणि वाट्यावरची भाजी त्याच रात्री शिजवायची असेल तर जरूर घ्या. आठवडाभराच्या भाजीला मात्र ती चालत नाही.

साठवणीचा कांदा उन्हाळीच घ्यावा, एप्रिल-मेमध्ये. मान आवळलेली, वरची सालं कोरडी आणि खडखडीत असा कांदा हवेशीर जागी पसरून ठेवला तर काही महिने टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकाऊ नसतो. स्वस्त मिळाला म्हणून त्याची दहा किलोची पिशवी आणू नये. वर्षाच्या धान्याचंही तसंच. गच्चीवर वाळवायला ऊन आणि ठेवायला कोरडी जागा असेल तर ठीक. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली गव्हाची पोती ठेवून शेवटी किडे निवडत बसण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचं धान्य भरलेलं परवडतं.

## ५. घरी आल्यावरची चाळीस मिनिटं

सगळा खेळ इथे आहे, आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात. बाजारातून आल्यावर पंख्याखाली बसून पाणी प्यायचं आणि उठून लगेच भाजी आवरायची. ‘संध्याकाळी बघू’ म्हटलं की ती बुधवारी बघितली जाते.

आधी सगळी भाजी जुन्या सुती कापडावर पसरा. पावसाळ्यात जुड्या ओल्याच मिळतात, म्हणून तासभर पंख्याखाली असू द्या. मग एकेक:

मेथी, पालक, शेपू. जुडीची सुतळी सोडा. बांधलेल्या जुडीच्या पोटात ओल आणि ऊब राहते, सडायला सुरुवात तिथून होते. पिवळी, चिखलाची, मोडलेली पानं काढा. धुऊ नका. कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात किंवा पिशवीत ठेवा. वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागणं चांगलं नाही, जुना पंचा किंवा ओढणी उत्तम.

कोथिंबीर. मुळं छाटा, सडकी पानं काढा, डब्यात तळाला कापड, वर कोथिंबीर, वर पुन्हा कापड. दोन-तीन दिवसांनी कापड ओलसर झालं की बदला. कापड बदलायला विसरलात तर डबा करून काही उपयोग झाला नाही असं समजा. बदललं तर आमच्याकडे आठ-दहा दिवस जाते.

मिरच्या. पुसून, देठ काढून, कोरड्या डब्यात. एखादी मऊ पडलेली असेल तर ती त्याच दिवशी फोडणीला वापरा.

लिंबं. उघडी ठेवली की आठवड्यात दगड होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार आठवडे रसरशीत राहतात.

नारळ. फोडला की त्याच दिवशी सगळा खवा आणि अर्ध्या-अर्ध्या वाटीच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. वाटी तशीच फ्रिजमध्ये ठेवली की तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होते.

टोमॅटो, केळी, पपई. कच्चट असतील तर बाहेर, आणि पालेभाजीपासून लांब. पिकताना या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते आणि काकडी लवकर मऊ होते. टोमॅटो पूर्ण पिकले की मग फ्रिजमध्ये.

कांदे आणि बटाटे. एका टोपलीत नकोत, एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. बटाटा अंधारात आणि हवेशीर ठेवा, पण फ्रिजमध्ये नको, तिथे तो गोड होतो आणि तळताना भराभर काळपट पडतो.

सावधान: एकदम सगळी भाजी धुऊन ठेवणं ही सर्वांत मोठी चूक आहे. स्वच्छतेच्या नादात आपण सडण्याला लागणारं पाणीच पुरवतो. धुवायची ती चिरायच्या आधी.

फ्रिजचं तापमान 4 अंशांच्या आसपास हवं. तो ठासून भरू नका, गार हवा फिरायला जागा लागते. दाराचा कप्पा सगळ्यात गरम असतो. तिथे सॉस, लोणचं, पाण्याच्या बाटल्या ठेवा, दूध आत ठेवा.

## ६. मापाने शिजवा

‘अंदाजे’ म्हणजे नेहमी जास्तच. एक ठरावीक वाटी तांदळाच्या डब्यात कायमची ठेवा. माझ्या वाटीने एक वाटी तांदळाचा भात आम्हा तिघांना पोळीबरोबर पुरतो, दीड वाटी घेतली की उरतो. कणकेची एक वाटी म्हणजे माझ्या हाताने चार पोळ्या. तुमचं माप दोन-तीन दिवसांत तुम्हाला कळेल. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे दुसरं कोणी कुकर लावला तरी चुकणार नाही.

कुकर लावायच्या आधी एक फोन: “जेवायला घरी का?” आमच्या घरी याने मूठभर भाताचा प्रश्न आठवड्यात संपला.

आणखी एक सवय लावा. वरण शिजवून, घोटून साधंच ठेवा. जेवायला लागेल तेवढंच वेगळं काढून फोडणी द्या. साधं वरण दुसऱ्या दिवशी आमटी, चकोल्या, सांबार काहीही होतं. चिंच-गूळ घातलेली आमटी फक्त आमटीच राहते, आणि कालची असते. उकडलेल्या बटाट्यालाही हेच लागू.

## ७. जेवण झाल्यावरची दहा मिनिटं

सावधान, भात: उरलेला भात कुकरच्या भांड्यातच रात्रभर ओट्यावर ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडा. कच्च्या तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष सकाळी कडक फोडणी देऊनही जात नाही. म्हणून भात परातीत पसरून लवकर गार करा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरातच. दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करायचा तो लागेल तेवढाच, आणि एकदाच.

बाकी पदार्थही मोठ्या पातेल्यातून पसरट, लहान डब्यांत काढा. पातेलंभर आमटी फ्रिजमध्येही मधोमध बराच वेळ कोमट राहते. पोळ्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या की सकाळपर्यंत चालतात.

## ८. आता शिळं

इथवर नीट आलात तर फार काही उरलेलंच नसेल. जे उरेल त्यातलं नेहमीचं म्हणजे पोळ्या, आणि फोडणीची पोळी लोक हमखास बिघडवतात. पोळी मिक्सरमधून काढली की पीठ होतं आणि कढईत गोळा बसतो. हातानेच कुस्करा, नखाएवढे तुकडे राहू द्या. पोळी शिळीच हवी, ताजीत ओल जास्त असते. तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता, मग कांदा. कांदा पारदर्शक झाला की कुस्करा, मीठ, चिमूटभर साखर. पाण्याचा एक हबका मारून झाकण ठेवा, मंद आचेवर तीन मिनिटं. झाकण काढून पुन्हा दोन मिनिटं परता, म्हणजे कडेचे तुकडे कुरकुरीत होतात. वर कोथिंबीर, लिंबू.

पोळ्या दोनच उरल्या असतील तर फोडणीचा घाट घालू नका. गूळ आणि तूप घालून लाडू वळा. उरलेली कोरडी भाजी आणि फ्रिजमधला भात थालीपिठाच्या भाजणीत जातो. घट्ट वरणात कणीक भिजवून पराठे होतात. आंबट दही कढीला किंवा ताकातल्या उकडीला.

साली आणि पाल्याचं तारतम्य ठेवा. मुळ्याचा पाला, कोथिंबिरीचे कोवळे देठ, फ्लॉवरचा दांडा, दोडक्याच्या शिरांची तिळाबरोबर परतून केलेली चटणी, हे सगळं चवीसाठीही खावं असं आहे. कलिंगडाचा पांढरा भाग किसून धपाट्यात छान लागतो. केळ्याच्या सालीची भाजी मी एकदा केली. घरातल्यांनी मला पुन्हा तो विषय काढू दिलेला नाही.

## ९. साय फुकट घालवू नका

साय रोज एका डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, पण पहिल्या दिवशीच त्यात चमचाभर दही घाला. विरजण न लावता आठ दिवस साठवलेली साय कडवट होते आणि तुपाला वास येतो. आठव्या दिवशी डबा थोडा वेळ बाहेर ठेवा, मग गार पाणी घालून घुसळा. लोणी दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर कढवा. तडतड थांबली, फेस बसला आणि बेरी बदामी झाली की गॅस लगेच बंद करा, भांडं गरम असल्याने रंग आणखी चढतोच. ताकाची कढी. बेरीत साखर घालून देतात ते मुलांसाठी, असं म्हणतात. आमच्याकडे ती मुलापर्यंत पोचत नाही.

## १०. टाकायचं ते टाका

काटकसरीच्या भरात ही चूक होते, म्हणून स्पष्ट लिहितो. पुढच्या गोष्टी वाचवू नका:

- बुरशी आलेला ब्रेड. डाग कापून उरलेला खाऊ नका, बुरशीचे धागे आत गेलेले असतात.
- बुरशी आलेले किंवा काळे पडलेले शेंगदाणे. भाजून, कूट करूनही नाहीत.
- हिरवा पडलेला, भरपूर कोंब आलेला बटाटा.
- वरून बुरशी धरलेलं लोणचं.
- रात्रभर बाहेर राहिलेला भात. वास चांगला येत असला तरीही.
- तळून काळं, चिकट झालेलं तेल. तेही मोरीत ओतू नका, नळी तुंबते. जुन्या कागदात टिपून कचऱ्यात टाका.

गाजर-कोबीसारख्या कडक भाजीवर एखादा डाग असेल तर आजूबाजूचा इंचभर भाग काढून बाकीचं वापरता येतं. दूध तापवताना फाटलं आणि वास ठीक असेल तर पनीर करा, त्याचं पाणी कणीक मळायला घ्या. वासात जरा जरी फरक वाटला तर सरळ ओतून द्या आणि कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहा: ‘दूध, अर्धा लिटर, विसरलो.’